घंटेच्या आधी

पहिल्या आठवड्यात मी त्याला बाकाखालून ओढून काढलं.
हे आधीच सांगून टाकते,
म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल
उगाच चांगलं मत व्हायला नको.

तिसरी ब. पटावर चव्वेचाळीस.
रामबागेतली शाळा, कृष्णपुऱ्याच्या पुलावरून
चालत सात-आठ मिनिटं.
गर्वित पाटीदार, वय साडेआठ, बोलत नाही,
म्हणजे आपल्याला कळेल असं बोलत नाही.
मला पाच दिवसांचं प्रशिक्षण मिळालं होतं:
एक दिवस उद्घाटनात गेला, दोन पोहे-जलेबीत,
उरलेल्या दोनांत एक बाई फळ्यावर वर्तुळ काढत होत्या,
आत पुष्कळ ठिपके, बाहेर एक.
मग बाहेरचा पुसून त्यांनी आत काढला.
टाळ्या.

आमची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा,
कडुनिंबाला तारेनं टांगलेला.
मांगीलालची कांब त्यावर पडली की
गर्वित कान दाबून बाकाखाली जायचा
आणि एकच स्वर धरून ठेवायचा,
जणू तो सोडला तर छप्पर खाली येईल.
वर्ग हसायचा. वर्गाला गप्प करायला मी ओरडायचे.
तो आणखी आत सरकायचा.

मार्ग मला प्रशिक्षणात नाही सापडला.
झैनब बोहरी, दुसरा बाक, पाढ्यांत कच्ची,
वहीचं पान दुमडत म्हणाली,
मॅडम, तो घंटीला नाही घाबरत.
आमच्या गल्लीत सकाळी कचरागाडी येते,
केवढ्यांदा गाणं वाजवते,
तेव्हा तो ओट्यावर उभा असतो. हसतो पण.
मग?
मग काय. गाडी लांबून येते.

लांबून येते.
मी खडू हातात धरून उभीच राहिले.

दुसऱ्या दिवशी घंटेच्या आधी पाच मिनिटं
झैनबनं त्याच्या बाकावर पाच बोटं ठेवली.
मग चार. मग तीन.
एक उरलं तेव्हा त्यानं स्वतःच कान झाकले,
पण खाली गेला नाही.
महिन्याभरानं मी त्याला कडुनिंबापाशी नेलं.
मांगीलालनं कांब छातीशी धरली:
"मैडम, यो छोरो बजावेगो, तो म्हूं कई करूं?"
खरा प्रश्न होता. त्याची सव्वीस वर्षांची नोकरी
त्या कांबेत होती.
दोघांनी मिळून वाजवा, म्हटलं.
लहान मूठ वर, मोठी मूठ खाली.

इथं थांबले असते तर गोष्ट छान झाली असती.
पण एका मंगळवारी मांगीलाल पाणी प्यायला गेला
आणि दहा वाजून दहा मिनिटांनी
गर्वितनं एकट्यानं मधली सुट्टी दिली.
सहाशे मुलं मैदानात. डबे उघडलेले.
चौहान सरांनी मला लेखी खुलासा मागितला.
काय लिहू? त्याची आई फाटकाशी आली,
पदराला हात पुसत हळूच म्हणाली,
आज घाईत त्याला खायला द्यायचं राहिलं.
मी तेच लिहिलं: विद्यार्थ्याला भूक लागली होती.

आता काही दिवस बरे जातात, काही नाही.
परवा त्यानं झैनबच्या दंडाला चावा घेतला.
ती रडली, तिच्या अब्बूंनी मला खूप सुनावलं,
आणि गुरुवारी तिची पाच बोटं
पुन्हा त्याच्या बाकावर होती.
मी सांगितलं नव्हतं.

प्रगतिपत्रकात त्याच्या नावापुढे
"समाधानकारक" छापून आलंय.
कुणाचं समाधान, ते विचारायला जागा नाही.

मला मात्र एक खोड लागलीय.
तेवीस वर्षं मी या खोलीत शिकवते,
आणि पंखा तिसऱ्या फेरीला करकरतो
हे मला यंदा ऐकू आलं.
तो त्याच्या बरोबर खाली बसतो.
मी बाक हलवला. तेलासाठी अर्जही दिलाय.
उत्तर यायचंय.