अजून दोन हात

एरंगळला पहाटे मतलई वारा सुटतो,
लाटेची आयाळ मागे खेचून धरतो.
विन्सी म्हणते, हीच वेळ.
नवानंतर खारा वारा येईल
आणि पाण्याची नुसती खिचडी.

मी सत्तेचाळीसचा. मालाडला एक्स-रे काढतो.
तीन वर्षं फेसात खेळलो,
किनाऱ्याला लागून मोडणाऱ्या गुडघाभर लाटांत.
त्यांनी ढकललं, मी उभा राहिलो,
आणि घरी सांगितलं, मला जमतं.

ती बावीसची. बापाच्या होडीचं इंजिन स्वतः उघडते.
तिची फळी दोनदा मोडून जोडलेली,
कडेला रेझिनचा पिवळा ओघळ
खरवडायचा राहून गेलेला.

"मोठी पाहिजे ना? मग तिच्या दारात जा.
इथं बसून वाट बघशील
तर तुझ्यापर्यंत येईतो ती म्हातारी."

म्हणून आत जातो.
जाळ्यांच्या खांबांपासून लांब, डावीकडे,
जिथे तळाशी वाळूचा उंचवटा आहे म्हणतात
(मी पाहिलेला नाही, पाणी तर कायम चहाच्या रंगाचं).
आणि बसतो. बसणं हाही अभ्यासच.
क्षितिजावर रेघ जाड होते.
"पहिली सोड," ती ओरडते,
"पहिलीमागे धावणारा दुसरीच्या तोंडी सापडतो."

दुसरी.
छाती फळीवर, हनुवटी खाली,
हात खोल, कोपरापर्यंत, चमच्यासारखे नव्हे, वल्ह्यासारखे.
टोक बुडेल म्हणून मी थोडा मागे सरकतो,
नेहमीचंच,
आणि फळीचा नांगर होतो.
लाट माझ्याखालून निघून जाते
ओळख न दाखवणाऱ्या शेजाऱ्यासारखी.

तिसरीला मी पुढे राहिलो.
शेपूट उचललं गेलं. पोटात ते माहीत असलेलं रिकामपण.
लागली, असं वाटलं, आणि मी हात थांबवले.
मग वर खाली, खाली वर,
नाकात वाळू, घोट्याची दोरी ताणलेली.
आत मला माझाच आवाज ऐकू आला,
दिवसातून साठ वेळा देतो तो:
श्वास धरा. हलू नका.
पुढचा शब्द म्हणायला तिथे कोणी नव्हतं.

वर आलो तेव्हा विन्सी हसत नव्हती.
"लागली वाटते ना तुला,
तिथून अजून दोन हात.
आमच्याकडे मासा लागला म्हणून कोणी दोर सोडत नाही."

दोन हात.
चाळीस वर्षं मी कशाकशात
ते दोन हात राखून ठेवले, ते आठवायला
ही जागा चांगली नाही. खांदा दुखतो.
मागून काही तरी उंच येतंय.

एकदाच मागे बघितलं. मग नाही.
वल्हं, वल्हं, उचल,
लागली,
एक,
भीती इतकी वाढली की तिचा आवाज बंद झाला,
दोन,
आणि जिन्याला नसलेली एक पायरी उतरलो.
पाय कधी आले ते पायांना माहीत.
समोर मढच्या बाजूचे माड, एक कुत्रा,
आणि पायाखाली सबंध समुद्र सरकतोय
नि मी त्याच्यावर जागच्या जागी.
चार सेकंद. पाच म्हणा.

"केवढी होती?" मी विचारलं.
विन्सी केस पिळत होती.
"छातीएवढी. तुझ्या नाही, माझ्या.
आणि सरळ खाली उतरलास, कडेनं नाही गेलास.
उद्या खांदा वळव. जिथं जायचं तिथं बघ,
कुत्र्याकडं नको."

अकरा वाजता पहिली पेशंट, बरगडीचं दुखणं.
प्लेट नीट करायला वाकलो
तर नाकातून धार लागली,
तिच्या फॉर्मवर, जन्मतारखेवर, शाई पसरली.
"सर्दी?" तिने विचारलं.
हो म्हणालो.
श्वास धरा, म्हणालो. हलू नका.
माझाही धरलेला होता.
सोडा म्हणायला आज
थोडा उशीर झाला.