रीडिंग

मीटरच्या पेटीला लागून बोखाडा उगवला,
आपोआप. कुणी लावतं का बोखाडा?
शेवंता म्हणाली, उंबर असता तर हात जोडून राहू दिला असता,
ह्याची नुसती खरखरीत पानं, आणि मुळं भिंत फोडतील.
कोयत्याला धार लावून ठेवली होती.
रविवार ठरला होता.

शुक्रवारी करंट गेला.
दोन्ही माग थांबले, शेजारचेही,
आणि वडगावच्या आमच्या गल्लीत, जिथं माणसं
जन्मभर मोठ्यानं बोलतात, तिथं ऐकू आलं
टुविट् टुविट् टुविट्,
थकलेली मजुरी मागायला दारात आल्यासारखं.

शिंपी. अंगठ्याएवढा, शेपूट उभं,
कपाळावर तांबूस टोपी.
शिवत होती मात्र मादी. नर नुसता ओरडत होता.
शेवंताला हे लगेच पटलं.

पानाची कड ती चोचीनं टोचायची
आणि त्या भोकातून आमचाच धागा ओढायची,
राणी रंगाचा, खासबागेच्या मालकाच्या ऑर्डरचा,
कांड्या भरताना शेवंताच्या पदराला चिकटून
अंगणात सांडलेला.
चाळीस वर्षं मी तुटलेला धागा गाठीनं जोडत आलो.
हिनं एक गाठ मारली नाही.
धागा ओढला, बाहेरचं टोक पिंजून फुगवलं,
बस. पान अडकलं.
मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

कोयता आत गेला. कोणी नेला, कुणी विचारलं नाही.

पलीकडच्या पारव्वा म्हणाल्या, ह्याला आम्ही टुव्वी म्हणतो.
शेवंता म्हणाली, आमच्यात शिंपी.
तो आपलं सांगतच होता,
दोघींना मध्ये बोलू न देता.

पाच तारखेला ईरण्णा आला, मीटर बघायला,
मशीन गळ्यात, अजून अख्खी गल्ली बाकी.
फांदी बाजूला करायला हात घातला तसा मी ओरडलो,
ओरडलो म्हणजे, नुसत्या श्वासानं, त्याच्या कानडीत: "गूडु."
हात तिथंच थांबला.
"तत्ती?"
मी तीन बोटं दाखवली. सकाळीच दाढीचा आरसा
काठीला बांधून मोजली होती,
निळसर, विटकरी शिंतोड्यांची.
मग तो गुडघ्यांवर बसला, पॅंट मळवून,
पानांखालून मान तिरकी करून
एकेक आकडा कुजबुजत वाचत गेला.
नाल्कु. एळु. वंदु.
शेवटचा पानाआड. राहू दे ओ, म्हणाला, अंदाजानं घालतो.
बिल किती आलं, शेवंताला अजून सांगितलेलं नाही.

पिल्लं झाली. उघडी चोच म्हणजेच पिल्लू, बाकी काही नाही.
नर आता ओरडायचा कमी, आणायचा जास्त.

आणि एका सकाळी भिंतीवर भारद्वाज.
शेवंतानं पदर सावरून हात जोडले,
भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो,
तिच्या आईनं सांगितलेलं, आईला तिच्या आईनं.
तो तांबड्या पंखांचा, लाल डोळ्यांचा,
सावकाश, पाहुण्यासारखा,
भिंतीवरून मीटरकडे चालत गेला.
तिचे हात जोडलेलेच राहिले.
मी धावलो, माग तसाच चालू टाकून.
आत धागा तुटला, तो आवाज मला
अंगणात कळला.

पान फाटलेलं नव्हतं. टाके जागच्या जागी.
आत शेवरीचा कापूस.
नर-मादी दिवसभर तारेवर ओरडत होती,
दुसऱ्या दिवशी थोडं,
तिसऱ्या दिवशी करंट गेला तेव्हा
काहीच ऐकू आलं नाही.
शेवंता म्हणाली, त्यालाही पोरं असतील.
मग भाकरी थापायला बसली, आणि तवा करपेपर्यंत
थापलेली भाकरी हातातच धरून राहिली.

जूनच्या पाच तारखेला ईरण्णा आला.
गल्लीच्या तोंडालाच मोटारसायकल बंद केलेली,
ढकलत आणलेली.
चपला बाहेर काढल्या, देवळात आल्यासारख्या.
गुडघ्यांवर बसला, मान तिरकी केली
आणि कुजबुजत आकडे वाचू लागला.

मी सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं.
मग मीही कुजबुजतच विचारलं,
किती आलं?