पाळी

आमच्या गल्लीला नळ आठव्या दिवशी येतो,
कधी बाराव्या. येतो तो रात्री दोनला,
आधी नुसती हवा, मग गढूळ, मग पाणी.
मी उठते. हंडे, टिपाड, तेलाचे धुतलेले डबे,
शिलाई मशीनखालची बादलीसुद्धा.

बापूही उठतात.
त्यांना वाटतं ड्यूटी लागली.
चौतीस वर्षं जालन्याच्या स्टँडवर
खिडकीत बसून गाड्या पुकारल्या त्यांनी.
आता संडासाच्या दाराला सांगतात:
"अंबड, घनसावंगी, तीर्थपुरीकडे जाणारी गाडी
फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे.
प्रवाशांनी घाई करू नये."
गावं सगळी पाठ, थांब्यांसकट.
लेकीचं नाव तेवढं गळलं.

मला ते गोदाक्का म्हणतात.
गोदाक्का त्यांची बहीण, बहात्तरच्या दुष्काळात
बाळंतपणात गेली.
आधी मी सांगायची, बापू, मी वच्छी.
मग ते विचारायचे, गोदाक्का कुठंय,
आणि नव्यानं ऐकून नव्यानं रडायचे.
आता मी गोदाक्काच असते.
दिवसातून चारदा मरायची, ते तरी वाचतं तिचं.

किल्ली ब्लाउजात. गॅस खालून बंद.
कात्री मशीनच्या खणात, खणाला सुतळी.
एकदा मोंढ्यापर्यंत गेले होते, नुसत्या सदऱ्यावर.
ज्या हमालानं आणून सोडलं त्यानं मान खाली घातली.
मी नाही घातली. दूध उतू जायलं होतं.

दिगंबर रविवारी पुण्याहून फोन करतो, तोंड दिसणारा.
त्या दिवशी बापू दाढी केलेले, टोपी घातलेले,
"लेकरं बरी हायेत ना," बरोब्बर विचारतात.
"ताई, चांगले तर आहेत. तू फार मनाला लावून घेतेस."
मी फोन खिडकीशी धरते, रेंजसाठी.
म्हणावं वाटतं, एक पाळी घे रे.
नळाची नको, माणसाची. आठवडाभर.
एकदा म्हणाले तसं.
तर म्हणाला, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे.

माझी स्वतःची पाळी गेली त्याला दोन वर्षं झाली.
कधी गेली, कळलंच नाही.
बापूंच्या चादरी धुता धुता केव्हातरी
माझ्या घड्या कपाटात तशाच राहिल्या.

आणि परवाची रात्र.
टिपाड गळ्यापर्यंत भरलं होतं.
मी पाठ टेकली, पाचच मिनिटं.
उठले तर हे तोटी सोडून उभे,
आठ दिवसांचं पाणी अंगणातून नालीकडं निघालेलं.
मी त्यांच्या हातावर मारलं.
एकदा नाही.
त्यांनी हात मागं घेतला नाही,
शाळेतल्या पोरासारखा तसाच पुढं धरला,
अजून उरलं असेल तर म्हणून.

मग म्हणाले, "बाई, तुमची गाडी चुकली का?"

"चुकली," मी म्हणाले.

"बसा मंग. पहिली सहा दहाची हाय."
आणि बाकड्यावर जागा करावी
तसे ओल्या पायरीवर सरकले.

बसले मी.
चपला चिखलात, नळ गेलेला,
त्यांच्या मनगटावर माझी बोटं उमटलेली.
जरा वेळानं त्यांनी विचारलं, कुठं जायचंय.

मला एकाही गावाचं नाव आठवेना.