सिंगल

चादर मागावरून उतरते तेव्हा तिच्या दशा सुट्या असतात.
चार धागे धरायचे, मांडीवर पीळ द्यायचा, गाठ.
चार धागे, पीळ, गाठ.
डबलला गाठी जास्त, मजुरीत फरक दोन रुपयांचा.
एकोणीस वर्षं हेच करते
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात, पत्र्याखाली.
चैत्र उजाडला की तिथे सावलीसुद्धा भाजते.

लग्नालाही एकोणीसच झाली.
मल्लेशम मारत नाही. पीत नाही.
शनिवारी पगार हातात ठेवतो,
सोमवारी हिशेब विचारतो, आवाज न चढवता.
अक्का विड्यांच्या पानाला कात्री लावता लावता म्हणते,
मग गं तुझं दुखतं तरी कुठं?

तिला काय दाखवू?
तो खोकायच्या आधी मला जाग येते.
तो घरी नसला तरी रेडिओ
त्याच्या कानाला सोसेल एवढाच लावते.
आमटी आंबट मला आवडते की त्याला,
हे परवा आठवून बघितलं,
नाही आठवलं.

वैशाखात मालकाने त्याला सुरतेला धाडलं,
नवं मशीन शिकायला. चाळीस दिवस.
स्टेशनवर रडले, रडायचं असतं तेवढं.
परतताना रिक्षा तळ्यापाशीच सोडली,
सिद्धेश्वराच्या पायऱ्यांवर बसून
तिखटमीठ लावलेली अख्खी कैरी खाल्ली.
दात आंबले. ऊन डोक्यावर आलं.
घरी कुणाला काय सांगायचं, ते जुळवत होते
आणि मग लक्षात आलं,
कुणालाच काही सांगायचं नाहीये.

चार दिवस चूल नाही.
कडक भाकरी मोडायची, शेंगाचटणी, वर तेल.
पहिल्या रात्री झोपले भिंतीकडेला, माझ्या जागेवर.
दुसऱ्याही.
तिसऱ्या रात्री पाय आपोआप गेला पलीकडे,
गार होती ती बाजू.
सकाळी उठले तर मी तिरपी,
या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत,
आणि उशी जमिनीवर.
हसू आलं. एकटीला. मोठ्याने.

फोन आला, करमतंय का?
नाही म्हटलं.
खोटं बोलताना इतकं स्वस्थ कधी वाटलं नव्हतं.

त्याचं वाईट व्हावं असं नाही आलं मनात, देवाशपथ.
फक्त गाडीला उशीर व्हावा.
एखादं वर्ष.

अडतिसाव्या दिवशी सेकंडच्या ढिगातून
एक चादर ओढून काढली. जांभळी, सिंगल.
विणताना धागा चुकलेला, मोराला एकच पाय.
मुकादम सायबण्णा म्हणाला, मावशी, नवराबायकोला सिंगल?
पाहुण्यांसाठी, म्हटलं.
कोण येणार हाय?
बघू, म्हटलं, येईल तेव्हा.
एकशे सत्तर रुपये हप्त्यातून कापून घेतले.

एका कडेच्या गाठी त्याच रात्री मारल्या.
दुसऱ्या कडेच्या राहिल्या.
राहिल्या म्हणजे, मी मारल्या नाहीत.

तो आला. सुरतेची साडी आणली, चांगली आहे.
नवं मशीन गाठी स्वतःच मारतं म्हणे,
हे सांगताना जेवता जेवता दोनदा हात थांबला त्याचा,
माझ्याकडे बघितलं नाही.
आमटी आंबट झाली होती. खाल्ली त्याने.

मी परत भिंतीकडेला.
काल दिवा मालवताना विचारलं त्याने,
खालच्या ट्रंकेत काय गं ठेवलंयस?
पाहुण्यांचं, म्हटलं.
कोण येणार आहे?

उत्तराची वाट न बघता तो झोपला.
मी जागी.
आता खोकेल.