निधान

सीटवर रात्री प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवते,
तरी पहाटे दव आत शिरलेलंच.
ओढणीच्या टोकानं पुसते,
बाबांचे पलटणीतले हातमोजे चढवते,
खाकी लोकरीचे, अंगठ्याशी दोनदा रफू केलेले.
स्वेटरच्या आत, छातीवर, कालचा पेपर.
थंडी तिथंच बातम्या वाचत बसते.

देसूरहून उद्यमबाग. पहिली पाळी सातची.
शिवारात मसुरावर धुकं गुडघाभर,
रस्त्यावर गळ्यापर्यंत.
ब्रेक दाबला की बोटांना निरोप उशिरा पोचतो,
म्हणून मी आधीच दाबते.
कामावर दिवसभर मायक्रॉन मोजायचे,
इथं मात्र सगळं अंदाजानं :
खड्डा, कुत्रं, समोरच्याचा डोळ्यांत घुसणारा हेडलाइट.

आणि ऊस.
गळीत सुरू झालं की दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर,
मागं ना दिवा, ना काच.
अंधारात एकाएकी घट्ट झालेला अंधार
आणि वाढ्यांची सळसळ, कानाला लागेल इतकी जवळ.
गेल्या पौषात कोअर शॉपची निलव्वा
अशाच एका उभ्या ट्रॉलीत घुसली.
आता बसनं येते. सही डाव्या हातानं करते.
तिची सायकल शेडमध्ये आहे अजून,
कॅरियरला डबा बांधायचं रबर तसंच.

तेव्हापासून पिशवीत लाल चकाकत्या पट्टीचं बंडल असतं,
खडेबाजारातनं मीटरवर आणलेलं.

मच्छेजवळ एक ट्रॉली पंक्चर होऊन अर्ध्या रस्त्यात.
मी मागं जाऊन पत्र्यावरची माती पुसली,
पहिली पट्टी चिकटवली.
घोंगडीतनं डोकं वर आलं :
‘‘एन माडाकत्ती?’’
काय करते म्हणून सांगू?
माझं कानडी बाजारापुरतं,
‘‘एष्टु’’ आणि ‘‘बेडा’’ यांच्या मधलं.
मी माझा मागचा दिवा लावून दाखवला,
मग त्याची ट्रॉली दाखवली, मग अंधार.
तो उतरला. मुतगी इरप्पा म्हणाला आपलं नाव.
कात्री नव्हती. त्यानं पट्टी दातानं तोडली,
लाल तुकडा मिशीला चिकटला,
दोघं हसलो, तोंडातनं वाफ.
उरलेलं बंडल मी त्याच्याकडंच ठेवलं.
पाळीला नऊ मिनिटं उशीर. कापले पैसे.
निघताना म्हणाला, ‘‘निधान होगरी, अक्का.’’

निधान. आमच्यात पुरून ठेवलेलं धन.
त्यांच्यात नुसतं हळू.

रविवारी मैनुद्दीन टायरमधली हवा थोडी सोडतो,
‘‘मुरमावर घट्ट चाक नाचतंय बघ,’’ म्हणतो,
आणि आम्ही राजहंसगडाच्या पायवाटेला लागतो,
मी, तो, आणि कॅम्पातली फिलू,
जी चढावर उतरून ढकलते
आणि ढकलताना सगळ्यांत जास्त बोलते.
लाल माती, सुटे खडे, बोराटीचे काटे.
इथं कुणी मागनं येत नाही.
ही गोष्ट मानेला आधी कळते, मग मला.
खांदे कानांपासून खाली उतरतात,
आठवडाभर कुठं अडकले होते देव जाणे.
अर्ध्या चढावर हातमोजे काढले. पेपर घामानं भिजलेला,
काढून घडी केली तर एक अख्खं वाक्य
उलटं उमटलंय बनियनवर.
वर गूळ-शेंगा खाल्ल्या.
खाली रस्ता दोरीएवढा, त्यावर ट्रॅक्टर मुंगीएवढे,
आणि मुंग्यांना कोण घाबरतं?
उतरताना घाबरले. मागचा ब्रेक आधी,
बूड सीटच्या मागं, तोंड बंद.
तरी एका वळणावर पडले.
कोपर सोललं. फिलूनं त्यावर पाणी आणि
एक कोंकणी शिवी ओतली.

सोमवार. पेपर नवा, कोपर जुनं.
पिरनवाडीच्या अलीकडं धुक्यात
काहीतरी लाल लुकलुकलं,
बरंच आधी, चांगलं शंभर पावलं आधी.
मी वेग कमी केला, बाहेरून वळसा घेतला.
ट्रॅक्टर वेगळा. ड्रायव्हर कुणी पोरगा, मफलरात झोपलेला.
पट्टी तिरकी लावलेली, माझ्या हातची नव्हे.
टोकाला दातांची नक्षी.