सातपूर, दुसरी पाळी

बाविसाव्या वर्षी हातात व्हर्नियर देत
गांगुर्डे म्हणाले होते, दाबू नको.
जेवढं आहे तेवढंच मोजायचं.
मी दाबायचोच.
मार्क, मैत्री,
तेजश्रीच्या गप्प बसण्यातला होकार.

सव्विसाव्या वर्षी रूम पार्टनरला जामीन राहिलो.
तो गेला पुण्याला,
हप्ता राहिला सिडकोत.
आईला फोनवर म्हणालो, पगार लांबलाय.
ती नुसतं बरं म्हणाली.
संध्याकाळी खात्यात दोन हजार,
तिच्या भिशीचे.

उद्या तिशी.
पाळी सुटता सुटता
आयटीआयचा नवा पोरगा विचारतो,
दादा, पीस रिजेक्ट झाला तर?

लाल रंग मार, म्हणालो,
तारीख लिही,
आणि ठेव.

त्र्यंबक रोडला थंडी मी म्हणत होती.
जॅकेटची चेन
अर्ध्यावरच अडकते अजून.