दीड फुटावर

गुरुपादआप्पांना बसवायचं होतं त्यांच्याच रानात,
हिरण्यकेशीकडं तोंड करून.
खड्डा काढायला आम्ही तिघं:
मी, ईरगोंडा, आणि म्हातारा कल्लाप्पा,
ज्यानं गावातली निम्मी माणसं बसवलीत.

वरची माती खोऱ्यासरशी सुटली,
रोटरनं पीठ करून ठेवलेली.
दीड फुटावर टिकाव टणकन उडाला.
ईरगोंडा म्हणाला, दगड लागला.
कल्लाप्पा उकिडवा बसला,
तळव्यानं पुसून बघितलं.
‘दगड न्हवं ह्यो. चाक हाय.’

खरंच, एक करडी फरशी,
नांगराच्या तळानं घासून गुळगुळीत.
उसाची मुळं तिथवर येऊन
काटकोनात वळलेली,
भिंतीला हात लावत
दार शोधत गेल्यासारखी.

आप्पांचा लाल ट्रॅक्टर गावात पहिला.
मागं दोन ट्रॉल्या, कारखान्याची पाळी रात्रीची,
रान ओलं असो नसो.
मग तोडणीचं मशीन आलं, घराएवढं.
आम्ही पोरं मागनं पळायचो
त्या चाकांच्या नक्षीत पाय ठेवत.
उतारा घटला तशी आप्पांनी
माती तपासून घेतली, दरसाल,
वरची वीतभर.
कागदावर सगळं ठीक यायचं.

पहार घेऊन तासभर फोडली.
आठ बोटं जाडीचा थर,
खापरासारखे तुकडे.
आणि खाली
काळीभोर, गार, मऊ माती,
तिच्यात दोऱ्याएवढी भोकं,
कधीच्या तरी जोंधळ्याच्या मुळांची,
अजून उघडी.
कल्लाप्पानं मूठभर उचलून हुंगली.
काही बोलला नाही.
मग कोनाडा कोरत राहिला.

विभूती, बेल, मीठ.
आप्पा मांडी घालून बसले
त्या मऊ मातीत, पहिल्यांदाच.
पोरगा म्हणाला, ट्रॅक्टर आणू का?
पाच मिनटांत लोटून हुईल.
बायका रडायच्या थांबल्या.
कल्लाप्पानं खोरं त्याच्याच हातात दिलं.

आषाढात गेलो होतो तिकडं.
सगळ्या रानात पाणी उभं, सरी बुडालेली,
आकाश त्यात हलत नव्हतं.
तेवढ्या चार-पाच फुटांत मात्र
ते खाली चाललं होतं,
बुडबुडे काढत,
घाई नसल्यासारखं.